गच्चीवरचा पाल्याचा देव

कमळबाईंना चालता येत नव्हतं असं नाही हो. त्यांना रिकामं चालता येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली, गुडघे दाबून बघितले, काट्यावर उभं केलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मावशी, रोज सकाळी चालायला जायचं. आणि हे वजन उतरवायचं." कमळबाईंनी मान हलवली. शहापुरात येऊन त्यांना चिक्कार वर्षं झाली होती. नवरा कुंडलिकराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मुलगा सुयोग रोज कल्याणला नोकरीला जाणारा, सून हेतल घरूनच लॅपटॉपवर काम करणारी. बाजारामागच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर घर. नळाला पाणी, शेगडीला गॅस, पिठाची गिरणी खालीच. अंग हलवायचं काही कारणच देवानं शिल्लक ठेवलं नव्हतं.

हेतल भारी हौशी. तिनं सासूला बूट आणले, पावलं मोजणारं घड्याळ आणलं आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर वरती मोठ्या अक्षरात 'गोल' आणि खाली दिवाळीपर्यंत किती किलो उतरवायचे तो आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मैदानावर गेल्या. माणसं गोल गोल फिरत होती. कमळबाईंनी एक फेरी मारली, दुसरी मारली आणि निघाल्या तिथेच परत आल्यावर त्या थांबल्या.

"अगं, गेलो कुठं आपण?"

"चालायला, आई."

"ते कळलं गो. पण कुठं?"

हेतलनं त्यांच्या घड्याळातली पावलं दाखवली. शिवाय हातांचं काय करायचं ते कमळबाईंना समजेना. डोक्यावर काही नाही, काखेत काही नाही, कडेवर पोर नाही. मोकळे हात बाजूला नुसते लोंबत होते, आणि मान अशी डुगडुगत होती की समोरून येणाऱ्या बाईला वाटलं आपल्याला ओळख देतायत. ती हसली, कमळबाई लाजल्या.

तिसऱ्या दिवसापासून कमळबाई एकट्या जाऊ लागल्या. एक फेरी मारायची की तडक बाजार गाठायचा. शेपूची जुडी घ्यायची, भाजीवालीशी गप्पा छाटायच्या आणि रिक्षानं घरी. फ्रिजमध्ये शेपू मावेना. घड्याळाचं गुपितही त्यांना लवकरच उमगलं. भाकऱ्या थापताना ते हातात असलं की पावलं आपोआप भरत. वळवाच्या पावसाच्या एका सकाळी हेतलनं विचारलं, "आई, आज तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं नाहीत, आणि हे म्हणतंय निम्मं चालून झालं?" कमळबाई म्हणाल्या, "घरात काय कमी चालणं असतं काय?" आणि तव्यावरची भाकरी उलटली. एकंदरीत तो कागद फ्रिजवर आणि वजन कमळबाईंच्या अंगावर, दोघंही सुखात होती.

आणि मग ज्येष्ठातल्या एका दुपारी अंजूचा फोन आला.

अंजू म्हणजे लहानीची लेक. आणि लहानी म्हणजे कमळबाईंची जन्माची मैत्रीण. कमळबाईंचं माहेर वैशाखऱ्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. लहानीचा पाडा त्याच डोंगरावर, तासाभराच्या चढणीवर. लहानीचं लग्नही पाड्यातल्या पाड्यातच झालं, त्यामुळे ती कायमची वरच राहिली. "आयेला बोलायचंय," म्हणत अंजूनं फोन दिला.

"कमळे, मी लहानी बोलतंय गो."

"बोल गो! बरी हायेस ना?" दोन शब्दांत कमळबाईंची जीभ माहेरी पोचली.

"कसली बरी! डोळं चाललं. काचबिंदू बोलतान. बाजूचं काय दिसत नाय. समोरचं तेवढं दिसतंय, कळकाच्या नळीतनं बघितल्यावानी. पायाखालचं दिसत नाय, मंग डोंगर कसा उतरू? आनि ती नळी बी बारीक व्हत चाललीय. डाक्टर बोलला, औषध घाल, हाय तेवढं टिकव." मग लहानी मुद्द्यावर आली. "या गौरीला ये गो. फुगडी घालू. पुढच्या गौरीला तुजं तोंड मना दिसंल का नाय, देवाला ठाव."

"येतंय," कमळबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसल्या. येतंय म्हणायला काय जातं! गुडघ्यांना विचारलं होतं का?

बसल्या बसल्या तो सगळा डोंगर त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. शाळा सुटली की लहानी आणि त्या मोळीला जायच्या. वाळकं जळण तोडायचं, वेलानं आवळायचं, लुगड्याच्या धडप्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची आणि वर मोळी. मोळी डोक्यावर असली की कमळी अशी चालायची की तिच्या बापानं म्हणावं, ही पोर पाण्यावरनंसुद्धा चालंल. चढणीवर मध्येच एक पाल्याचा देव होता. देव म्हणजे काय, जुन्या करंजाखालचा शेंदूर लावलेला एक दगड. पण वर जाणाऱ्या प्रत्येकानं त्याच्यासमोर हिरवा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, टाकायचा आणि म्हणायचं, "माझा शीण तुला." तो शीण देव ठेवून घेतो, आणि पुढची चढण हलक्या अंगानं होते. पाला वाळून ढीग होई, त्यावर पुन्हा ओला पाला पडे. लहानपणी कमळीला त्या देवाची फार दया यायची. एवढ्या सगळ्यांचा शीण घेऊन बिचारा बसलाय!

आणि गौरीची फुगडी! तेरड्याची गौर बसली की दुसऱ्या दिवशी कमळी डोंगर चढून लहानीच्या अंगणात हजर. लग्न झालं, पोर झालं, शहापूरला बिऱ्हाड आलं, तरी ती गौर कधी चुकली नव्हती. दोघींनी पाय जुळवायचे, हातांची कैची घालायची, मागं रेलायचं आणि गरकन सुटायचं. लहानी काडीसारखी, कमळी आधीपासूनच थोराड. आख्खा पाडा बघायला उभा राहायचा.

सहा वर्षांमागं मात्र गुडघ्यानं दगा दिला. कमळबाई कशाबशा पाल्याच्या देवापर्यंत पोचल्या आणि तिथेच बसल्या. पुढं पाऊल उचलेना. त्या तिथूनच मागं फिरल्या. त्यानंतर लहानीच गौर झाली की खाली येऊन भेटायची. आता तिलाही उतरता येणार नव्हतं. म्हणजे कमळबाई वर गेल्या तर भेट. नाही तर नाही.

"काय झालं आई?" हेतलनं विचारलं.

"काय नाय. पोटमाळ्यावरचा हंडा काढून दे जरा."

हंडा निघाला. तांब्याचा, माहेरचा, काळा पडलेला. कमळबाईंनी चिंचेनं घासून लख्ख केला, जुन्या साडीची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवून घरातल्या घरात चार पावलं टाकली. काय आश्चर्य! मान ताठ झाली, कंबर सरळ झाली, हात आपोआप जागच्या जागी आले. पण रिकामा हंडा घेऊन बाईमाणसानं दाराबाहेर कसं पडायचं? समोरून कुणी कामाला निघालेला असला तर त्याचा दिवस वाया. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली बोअरिंगच्या हातपंपावर गेल्या, हंडा भरला आणि जिना चढायला लागल्या.

झालं! पहिल्या मजल्यावरच्या दिपालीनं दार उघडलं आणि बघते तर कमळकाकू डोक्यावर भरलेला हंडा घेऊन वर चालल्यात. कुंडलिकराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरीच्या घरी नळ असताना बायको हंड्यानं पाणी भरते, याचा अर्थ काय? दिपालीनं दार लावलं आणि आधी दोन बादल्या, मग टब, मग कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवलं. मग शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं ग्रुपवर टाकलं. तासाभरात बिल्डिंगीतल्या झाडून सगळ्या नळांनी मान टाकली. वरची टाकी कोरडी ठक्क पडली, आणि सुयोग तोंडाला साबण लावून न्हाणीघरातून ओरडत राहिला, "आई! पाणी कुठे गेलं?"

कुंडलिकरावांना दारात येऊन लोक विचारू लागले, पाणी किती दिवस येणार नाही? ते म्हणाले, "कोण म्हणतं येणार नाही?" लोक म्हणाले, "मग वहिनी हंडा का आणतायत?" कुंडलिकराव आत आले. "अगं कमळ, माझी अब्रू का काढतेस? आपल्याला पाणी नाही का?"

कमळबाईंनी हंडा खाली ठेवला आणि त्यांना एकदम रडूच फुटलं. चार माणसांपुढं कधी न रडलेली बाई, पण त्या दिवशी लहानीचे डोळे, डोंगर, फुगडी, मागं फिरल्याची लाज, सगळं हुंदक्यांत बाहेर पडलं. सुयोग साबणाच्याच तोंडानं ऐकत उभा होता. कुणी हसलं नाही. कुंडलिकराव म्हणाले, "मग हे आधी नाय सांगायचं?"

हेतलनं फ्रिजवरचा कागद काढला, उलटा केला आणि पेन घेऊन सासूपुढं बसली. "आई, वाटेवर आधी काय लागतं?"

"ओढा."

"मग?"

"मग जांभूळ. त्याच्यापुढं निसरडी. निसरडी झाली का पाल्याचा देव."

हेतलनं डोंगर काढला आणि जिन्याला नावं दिली. पहिला मजला ओढा, दुसरा जांभूळ, तिसरा म्हणजे आपलं दार निसरडी, आणि गच्ची पाल्याचा देव. आषाढ लागायच्या आत एका दमात जांभूळ गाठायचं. श्रावणात गच्ची. गौरीच्या आधी गच्ची दोनदा, मध्ये न बसता. "आता कळलं ना कुठं जायचं ते?" तिनं विचारलं. कमळबाईंना आपली सून त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या गावची वाटली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "हंडा निम्माच भरा. आणि उतरताना कठडा धरायचा, कबूल?" कमळबाई कबूल झाल्या. रोज सकाळी निम्म्या हंड्यासकट त्या निघायच्या. सुरुवातीला ओढ्यावरच दम लागायचा. दिपाली आता दारात खुर्ची टाकून ठेवायची. "काकू, ओढ्याला पाणी जास्त आहे का आज?" असं विचारायची, आणि कमळबाई म्हणायच्या, "तूच भरून ठेवलंस ना सगळं!"

जांभूळ आलं. निसरडी आली. श्रावणात एके दिवशी गच्चीही आली. कमळबाईंनी बिल्डिंगीच्या आवारातल्या करंजाचा टाळा कमरेला खोचून आणला होता. त्यांनी तो पाण्याच्या टाकीच्या पायाशी ठेवला, हात जोडले आणि इकडंतिकडं कुणी नाही बघून म्हणाल्या, "माझा शीण तुला." तेव्हापासून तो नेम झाला. मध्येच त्यांना सणकून ताप भरला, तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या त्या चडफडत होत्या, सगळं केलेलं वाया गेलं म्हणून. संध्याकाळी कुंडलिकराव धापा टाकत घरात आले. "तुझा आजचा पाला टाकून आलो." कमळबाई म्हणाल्या, "दुसऱ्यानं टाकलेला चालत नाय तो." पण त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

साखर उतरली, दम टिकायला लागला. वजनाचा काटा मात्र जागचा हलायला तयार नव्हता. गौरीच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा काट्यावर उभं केलं तेव्हा कमळबाईंनी डोळे मिटून घेतले होते. तेवढंच्या तेवढं. बाकी सगळं चांगलं आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, पण कमळबाईंच्या डोक्यात ते शिरलंच नाही. गुडघा चढेल एक वेळ. पण एवढं शरीर घेऊन फुगडी? लहानी आता हाडाचा सापळा झाली असेल, आपण तिला घेऊन पडलो तर? अंगणात सगळ्या बाया बघत असणार. ही भीती त्यांनी हेतललाही सांगितली नाही.

गौर बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुयोगनं गाडी काढली. मुरबाड मागं पडलं, भाताची खाचरं हिरवीगार झाली होती, डोंगरावर ढग लटकले होते. कुंडलिकराव आणि सुयोग पायथ्याशी कमळबाईंच्या माहेरी, मामांकडे थांबले. कमळबाईंनी टोपली भरली. साडी, खण, नारळ, पेढे आणि स्वतः केलेल्या करंज्या. चुंबळ ठेवली, टोपली चढवली आणि निघाल्या. मागून हेतल, बूट घालून, घड्याळ लावून.

ओढा पार झाला. जांभूळ आलं तेव्हा हेतल म्हणाली, "आई, जरा थांबायचं का?" निसरडीवर तर ती चक्क हातापायांवर आली. "आपल्या जिन्यावर हे असं नव्हतं!" कमळबाई पुढं होत्या. गुडघा कुरकुरत होता, पण त्या त्याला म्हणत होत्या, ही चल तिसऱ्या मजल्याची पायरी, ही चल गच्चीची. आणि करंज दिसला. खाली तोच शेंदरी दगड, तोच पाल्याचा ढीग, वर आजचा ओला पाला. त्यांनी दोन टाळे तोडले. एक आजचा. दुसरा सहा वर्षांमागचा, तेव्हा टाकायचा राहिला होता तो.

"आई," हेतल धापा टाकत दगडाशेजारी बसली होती, "मी पण टाकू का पाला? मला चालतं ना?"

"टाक की! देव काय आधार कार्ड मागतोय?"

पाडा आला तेव्हा दुपार कलली होती. ओट्यावर एक वाळकी बाई वाटेकडं तोंड करून बसली होती. कमळबाई तशाच टोपलीसकट अंगणात शिरल्या. हाक मारायच्या आत ती बाईच उठून उभी राहिली.

"कमळे! डोक्यावर वझं हाय ना गो तुज्या? पाऊल वळखलं मी."

टोपली उतरली, दोघी गळ्यात पडल्या, काय रडल्या आणि काय हसल्या! मग लहानीनं कमळबाईंचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपली मान हळूहळू हलवायला लागली. वर, खाली, बाजूला.

"हलू नको गो. नाक दिसतंय. थांब, कपाळ आलं. आता हनवटी गेली." ती हसत होती. "तुकडं तुकडं दिसतंस गो. आख्खी कुठं दिसत नाय."

अंगणात बायांचा गराडा पडला. आत तेरड्याची गौर हिरव्या लुगड्यात बसली होती. कुणीतरी ओरडलं, "आता म्हाताऱ्यांची फुगडी!" लहानीनं लगेच पदर खोचला. कमळबाईंनी मात्र हात मागं घेतले.

"लहाने, नको गो. माजं वजन काय उतरलं नाय. किती केलं, किती चढलं, काटा हाय तितंच. तुला घेऊन पडीन मी."

लहानीनं मान त्यांच्याकडं वळवली. म्हणजे कमळबाईंच्या गालाकडं, जेवढा दिसत होता तेवढ्याकडं.

"उतरलं नाय ना? बरं झालं!" ती म्हणाली. "येडी हायेस काय गो? तू जड व्हतीस म्हून तर मी उडायचं! तू नाय आलीस तवा मी या पोरींसंगं घालून बघितली. काड्या सगळ्या. मी मागं रेललं का त्याच माज्या अंगावर येतान. एकदा तर गौरीम्होरं जाऊन पडलं मी. त्या डाक्टरनीला सांग, हिचं वजन काढशील तर मी कुनाच्या जिवावर फिरू?"

सगळ्या बाया खो खो हसल्या. हेतल तर पोट धरून खालीच बसली. आणि कमळबाईंच्या मनावरचं वजन, जे कुठल्याच काट्यानं कधी दाखवलं नव्हतं, ते तिथं अंगणात उतरलं.

त्यांनी पाय जुळवले. हातांची कैची घातली. लहानीची बोटं खरखरीत, हाडकुळी, पण पकड तीच, कोयत्याच्या मुठीवरची. दोघी मागं रेलल्या, हात ताणले गेले आणि फुगडी सुटली. आधी हळू, मग गरगर. ओटा, गौर, डोंगर, बाया, हेतलचे चिखलाचे बूट, सगळं एकात एक मिसळून गेलं. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट जागच्या जागी थांबलेली होती, आणि ते होतं समोरचं लहानीचं तोंड. सुरकुतलेलं, दात पडलेलं, मोळीच्या वाटेवरचं.

"कमळे!" लहानी एकदम ओरडली. "दिसतंस गो! आख्खी दिसतंस!"

हाताच्या लांबीवर, मागं रेलून, बरोब्बर समोर. त्या बारीक नळीत आता कपाळही मावत होतं आणि हनवटीही. आजूबाजूचं कमळबाईंनाही धड दिसत नव्हतं, तिथं लहानीला न दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"केस पिकलं गो तुजं सगळं! आनि ती नाकातली फुली? नवी केलीस काय? थांबू नको. थांबलीस का जवळ येशील, परत तुकडं व्हशील. सोडू नको गो, कमळे!"

कमळबाईंचा दम वर आला होता. गुडघा बोंबलत होता, डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडं चाललं होतं. त्यांनी पकड आणखी घट्ट केली आणि आपलं सगळं वजन मागं टाकलं.